मागणं आणि भरवसा

आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना होते, गुण येत नाही, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "विश्वास कमी पडला." शोकात बुडालेल्या घरावर याहून क्रूर वाक्य टाकणं कठीण; आणि ते शास्त्राला धरूनही नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूपुढे येतो. शिष्यांनी आधीच हात टेकलेले असतात. विश्वास आहे, असं तो म्हणतो आणि लागलीच आपल्या अविश्वासासाठीही मदत मागतो. आधी शंका घालवून ये, असं त्याला कोणी सांगत नाही. मुलगा बरा होतो. उलट गेथशेमाने बागेत खुद्द येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि तो टळत नाही. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला म्हणायचं? ख्रिस्ती अर्थाने विश्वास म्हणजे निकालाची खात्री नव्हे. देव समर्थ आहे हे मानून, तो काय करील हे त्याच्यावर सोडणं, हा तो भरवसा.

यावर बुद्धिवादी म्हणेल, ही पळवाट झाली: मिळालं तर देवाची कृपा, नाही मिळालं तर देवाची इच्छा. आक्षेप रास्त आहे. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. होते आहे हे ठाऊक असलेल्यांत ५९ टक्क्यांना. प्रार्थनेला औषधाच्या गोळीसारखं मानणाऱ्याने हे आकडे निमूट मान्य करावेत. पण प्रार्थना हे मुळात नात्यातलं बोलणं असेल, तर तिची पारख मागणाऱ्याच्या पुढच्या वागण्यात करावी लागते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, तेही त्यांच्या संस्थेला अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली असताना. पैशासाठी त्या देवाला साकडं घालत होत्या आणि त्याच वेळी केडगावच्या माळावर आपल्या 'मुक्ती' संस्थेची शेती आणि वसतिगृह उभं करत होत्या. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या मुलींनीच जुळवले. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला होता. एकुलती एक मुलगी मनोरमा, संस्थेची पुढची धुरा जिच्यावर यायची, ती १९२१च्या जुलैत गेली. रमाबाई स्वतः १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत भाषांतराचं काम थांबलं नव्हतं.