वाघाचा माग, केळीची बाग

1825 सालची गोष्ट. बावीस वर्षांचा जेम्स औट्रम नुकताच खानदेशात आला होता. खंडू नावाच्या भिल्लानं खबर आणली, डोंगराच्या अंगाला वाघ आहे. औट्रम पायीच निघाला. वाघानं झेप घेतली, माणूस आणि जनावर एकमेकांत गुंतून उतारावरून गडगडत आले, आणि क्षणभर पंजा सैल पडला तेव्हा औट्रमनं पिस्तूल काढून वाघाला गोळी घातली. अंगावरच्या जखमांचं त्यानं काहीच वाटून घेतलं नाही, म्हणून भिल्ल त्याला मानू लागले, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढं याच भिल्लांची पलटण त्यानं धरणगावात उभी केली.

दहा वर्षांत खानदेशात 191 वाघ त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. त्याशिवाय पंधरा बिबटे, पंचवीस अस्वलं. हा आकडा नीट नोंदलेला आहे. पण वाघाचा माग कुणी काढला, हाकारा करत झुडपांत आधी कोण शिरलं, त्यातले घरी किती परतले? खंडूचं नाव त्या एका गोष्टीमुळं उरलं, बाकीच्यांची नावं गेली. औट्रमच्या आधी, 28 एप्रिल 1819 रोजी, खानदेशच्या वेशीवर कॅप्टन जॉन स्मिथ वाघामागं हिंडत असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही तिथं आहे. सोबतच्या वाटाड्यांनी काही कोरलं नाही.

आसामच्या चहामळ्यांतही हेच घडत होतं. जंगल तोडून मळे लावले, वाघ मारले, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात बसून साहेबांनी आठवणी लिहिल्या. तिथं आज वाघ कमी आणि बिबटे जास्त भेटतात. चहाच्या ओळींमधल्या चरांत मादी पिल्लं घालते आणि पानं खुडणाऱ्या बाईचा पाय नेमका तिथं पडतो. खानदेशात चहा नाही. आपल्याकडं त्याची जागा केळीनं घेतली आहे.

मे महिन्यात रावेर-यावलकडं जाऊन पाहावं. रस्त्यावर पारा पंचेचाळिशीच्या पुढं, डांबर चपलेला चिकटतं. तिथून केळीत दोन पावलं टाकली की अंगाला गारवा लागतो. पाच-पाच फुटांवर खोडं, वर पानांची दाट छत्री, खाली ठिबकनं भिजलेली माती आणि सुकून लोंबणारी पानं. बाजूनं वाऱ्याला अडवायला लावलेली शेवरी. दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. 2016 मध्ये जळगावच्या या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. पण हीच सावली, हेच पाणी आणि हाच आडोसा जनावरालाही हवा असतो. रानडुकरं पिकामागं येतात, आणि डुकरांच्या, कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो.

मुक्ताईनगर तालुक्यात तर वाघच आहे. डोलारखेड्याच्या परिसरात, पूर्णेच्या काठानं, केळीच्या बागांत वाघांचा वावर लोकांनी पाहिला आहे. त्यांच्यासाठी मुक्ताई-भवानी हे सुमारे 122 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. कागदावर सीमा आखली, पण वाघाच्या लेखी केळी आणि जंगल यांच्यात फारसा फरक नाही.

चाळीसगाव तालुक्यानं याची भयंकर बाजू सोसली. 2017 च्या उत्तरार्धात गिरणेच्या खोऱ्यात बिबट्यानं एकामागून एक माणसं मारली. बळींमध्ये बायका होत्या, लहान मूलही होतं. संध्याकाळी लोक दारं लावून बसू लागले, कपाशी वेचायला मजूर मिळेना. अखेर डिसेंबरमध्ये वरखेडे शिवारात मादी बिबट्याला गोळी घालावी लागली. निंदताना, वेचताना माणूस वाकलेला असतो. बिबट्याला तो आपल्या नेहमीच्या भक्ष्याएवढाच दिसतो, असं वन्यजीवांचे जाणकार सांगतात. म्हणजे ज्याचं पोट वाकून काम केल्याशिवाय भरत नाही, त्यालाच धोका सर्वांत जास्त.

अशा वेळी गावाची पहिली मागणी असते, पिंजरा लावा आणि त्याला दूर सोडा. त्या घरांचं दुःख पाहिलं की ही मागणी चूक म्हणवत नाही. पण जुन्नरचा अनुभव लक्षात घ्यायला हवा. तिथं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडं सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा ते सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर जास्त बिथरतं.

तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्तींच्या बाबतीत वेगळा उपाय शोधला गेला. कळप कुठं आहे ते मजुरांना मोबाइलवर कळतं आणि मोक्याच्या जागी लाल दिवे लागतात. कामावरून घरी चालत जाणाऱ्या माणसाला आधी कळावं, एवढाच त्यामागचा विचार आहे.

औट्रमचं नाव आज चाळीसगावजवळच्या घाटाला आहे, आणि 1986 पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यालाही. शंभरावर वाघांच्या मरणाशी जोडलेलं नाव आता जनावरं जपणाऱ्या जंगलाला मिळालं, याचं समाधान वाटतं. पायी चालणाऱ्या माणसाची मात्र अजून तशी जपणूक होत नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार 25 लाख रुपये देतं, पण हे पैसे माणूस गेल्यावर येतात. शेतीपंपाची लाइट अजून कितीतरी शिवारांत रात्रीच येते. मग कुणीतरी बॅटरी घेऊन, काठी आपटत, मोठ्यानं खाकरत केळीच्या बांधावरून मोटर चालू करायला निघतो. खानदेशातल्या शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची मागणी साधी आहे, वीज दिवसा द्या.