इंजिन बसते, गाडी जुळत नाही

दुसऱ्या मॉडेलचे इंजिन घालणे म्हणजे नुसते माउंटिंग वेल्ड करणे नव्हे. प्रीमियरने 1985 मध्ये फियाट 124 च्या सांगाड्यात निस्सानचे 1,171 सीसी इंजिन घालून 118 एनई ही मोटार आणली, तेव्हा गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. खुद्द कारखान्यालाही एकट्या इंजिनावर भागवता आले नाही. जुन्या जीपला दुसरे इंजिन चालतेच की, असे इनामगाव-शिरूरकडे कुणी म्हणेल. खरे आहे, पण त्या जीपमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नव्हता. आज ईसीयू आणि चावीतली इमोबिलायझरची चिप यांची ओळख पटली नाही, तर बसवलेले इंजिन सुरूच होत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. म्हणून गॅरेजला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या.