बर्फाखालचा जमाखर्च

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला उटकियाग्विक नावाचे एक लहानसे गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचे सरकारी नाव बॅरो होते. तिथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य एकदा मावळला, की तो जानेवारीच्या चौथ्या आठवड्यातच पुन्हा दिसतो. दोन महिन्यांची ही रात्र. समुद्र गोठलेला, तळी गोठलेली, गवत बर्फाखाली गाडले गेलेले. त्या जमिनीकडे पाहून कोणीही म्हणेल, की आता उन्हाळ्यापर्यंत इथे काही घडायचे नाही. शास्त्रज्ञही बराच काळ साधारण असेच धरून चालले होते. हा समज कसा चुकला आणि त्यामुळे पृथ्वीच्या एका मोठ्या हिशेबात काय फरक पडला, ते आज पाहू.

हा हिशेब कार्बनचा आहे. झाडे, गवत, शेवाळ हे सारे उन्हाच्या मदतीने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातल्या कार्बनपासून आपली पाने, खोड, मुळे घडवतात. ही झाली जमा. वनस्पती मेली, की मातीतले जिवाणू आणि बुरश्या तिच्यावर ताव मारतात आणि त्यांच्या श्वसनातून तोच कार्बन पुन्हा हवेत जातो. हा झाला खर्च. आपल्याकडे थंडीच्या पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना दिसते, ती या सूक्ष्मजीवांच्याच कामाची ऊब असते. आपल्या हवेत पालापाचोळा लवकर कुजून जातो. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात मात्र कुजण्याचा वेग इतका मंद, की दरवर्षी जमेतली थोडी शिल्लक उरत गेली आणि हजारो वर्षे साठत राहिली. तिथे खालची जमीन वर्षानुवर्षे गोठलेलीच असते. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेल्या अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तरेकडच्या या साऱ्या पट्ट्यातल्या मातीत सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे. आज वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट!

ही शिल्लक वाढते आहे की घटते आहे, हे कळायचे तर जमा आणि खर्च दोन्ही मोजायला हवेत. जमा होते उन्हाळ्यात. शास्त्रज्ञही जात ते मुख्यतः उन्हाळ्यातच. हिवाळ्यात तिथे उणे तीस-चाळीस अंशांची थंडी, काळोख, बंद रस्ते. सौर पट्ट्या निरुपयोगी होतात, उपकरणांवर बर्फ चढतो. त्यामुळे हिवाळ्याच्या नोंदी फार थोड्या होत्या. शून्याखाली पाणी गोठले म्हणजे सूक्ष्मजीवांचे कामही जवळजवळ थांबत असणार, असा तर्क त्या जोडीला होताच. थोडक्यात, वहीतले उन्हाळ्याचे पान भरलेले आणि हिवाळ्याचे पान बरेचसे कोरे, अशी स्थिती होती.

पण बर्फाखाली नेमके काय चालते? उन्हाळ्यात पर्माफ्रॉस्टच्या वरचा काही सेंटिमीटरपासून एखाद्या मीटरपर्यंतचा थर वितळतो. शरदात थंडी पडू लागली, की हा थर वरून गोठू लागतो. खालून पर्माफ्रॉस्टचा गारठा असतोच. मधला भाग या दोन गोठलेल्या थरांच्या कात्रीत सापडतो, पण तो लगेच गोठत नाही. पाण्याचा बर्फ होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या उष्म्यामुळे मधल्या ओल्या मातीचे तापमान आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास अडून राहते. वर हवा उणे वीसवर गेली, तरी खाली ही अवस्था टिकते. शास्त्रज्ञ या काळाला ‘शून्याचा पडदा’ म्हणतात.

त्यात भर पडते हिमाची. ताज्या हिमात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. आपली गोधडी करते तेच काम हिमाचा थर जमिनीसाठी करतो. शिवाय माती शून्याखाली गेली, तरी तिच्यातले सगळेच पाणी गोठत नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा द्रवरूपात उरतो. त्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून तो अधिक थंडीतही गोठत नाही. या पापुद्र्यात सूक्ष्मजीव तग धरतात. त्यांचे काम मंदावते, पण उणे वीस अंशांच्या आसपासही श्वसनाच्या खुणा सापडल्या आहेत. खर्च थेंबाथेंबाने होतो, हे खरे. पण तिथला हिवाळा सात-आठ महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात थेंबांचा हौद भरतो.

हे कोरे पान भरण्याचे काम गेल्या काही दशकांत अनेकांनी केले. मनोऱ्यांवर बसवलेली उपकरणे हवेच्या प्रत्येक झुळकीतला वायू मोजतात. बर्फावर झाकणबंद डबे ठेवून खालून येणारा वायू गोळा करता येतो. २०१६ मध्ये डोनाटेला झोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या पाच मनोऱ्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथल्या टुंड्रातून वर्षभरात जेवढा मिथेन बाहेर पडतो, त्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक सप्टेंबर ते मे या थंड महिन्यांत पडतो, असे त्यात दिसले. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता वाढवणारा वायू आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, रोशीन कोमेन यांच्या गटाने उटकियाग्विकच्या जुन्या नोंदी तपासल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिथल्या टुंड्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड १९७५ पासून सुमारे ७३ टक्क्यांनी वाढला होता. जमीन गोठायला लागणारा उशीर या वाढीमागे आहे.

मग २०१९ मध्ये स्यू नताली आणि अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक ठिकाणच्या हिवाळी नोंदी एकत्र केल्या. त्यांच्या अंदाजानुसार ऑक्टोबर ते एप्रिल या काळात उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट पट्ट्यातून दरवर्षी सुमारे १६६ कोटी टन कार्बन हवेत जातो. याच पट्ट्यात उन्हाळ्यातली निव्वळ जमा सुमारे १०३ कोटी टन धरली जाते. म्हणजे उन्हाळ्याची कमाई हिवाळा खाऊन टाकतो आणि वर जुन्या ठेवीलाही हात घालतो!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे दोन आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत आणि सर्वत्र चित्र एकसारखे नाही. २०२५ मध्ये अ‍ॅना-मारिया विर्काला यांच्या गटाने दोन दशकांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की टुंड्रा आणि उत्तरेकडची जंगले मिळून पाहिली तर हा प्रदेश अजूनही थोडा कार्बन शोषतो आहे, पण त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग आता शोषण्याऐवजी सोडू लागला आहे. जंगलांचे वणवे धरले, तर हा भाग ४० टक्क्यांपर्यंत जातो. उन्हाळे लांबल्यामुळे काही ठिकाणी झाडोरा वाढला आहे, हेही खरे. म्हणूनच केवळ हिरवळ वाढल्याचे पाहून निश्चिंत होता येत नाही. अलास्कातल्या हिली गावाजवळ २००८ पासून एक प्रयोग झाला. टुंड्रावर हिवाळ्यात कुंपणे उभारून हिम जास्त साठेल असे केले. गोधडी जाड झाली, माती उबदार राहिली. उन्हाळ्यात वनस्पती अधिक जोमाने वाढल्या, पण थंडीच्या महिन्यांतल्या खर्चापुढे ती वाढीव कमाई पुरली नाही.

या साऱ्याशी आपला संबंध काय? आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. तापमानवाढ अमुक मर्यादेत ठेवायची, तर जगाने अजून किती कोळसा आणि तेल जाळावे, याचा एक ठरावीक कोटा निघतो. जमीन आपणहून जेवढा कार्बन सोडेल, तेवढा हा कोटा आकसतो. भारतासह ज्या देशांची विजेची आणि कारखान्यांची गरज अजून भागायची आहे, त्यांना हे आकसणे अधिक जाचणार. खर्चाचे पान कोरे ठेवून आखलेली योजना पुढे अंगाशी येते, हे कोणताही संसारी माणूस सांगेल.

स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंद इथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याची व्यवस्था गोव्यात वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था पाहते. डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली हिवाळी मोहीम तिकडे रवाना झाली. या मोहिमांचे विषय अनेक आहेत, केवळ मातीचा नाही. पण त्या काळोख्या महिन्यांत नोंदी घ्यायला माणूस हजर असणे किती मोलाचे आहे, ते आता आपल्या लक्षात आले असेल.

नताली यांच्या गटाने पुढचा अंदाजही मांडला आहे. उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर या शतकाच्या अखेरीस मातीतून हिवाळ्यात निघणारा कार्बन डायऑक्साइड ४१ टक्क्यांनी वाढेल. जगाने मध्यम स्वरूपाचा आवर घातला, तर ही वाढ १७ टक्के असेल. बर्फाखालच्या जिवाणूंना आपण थांबवू शकत नाही. ४१ आणि १७ यांतले अंतर मात्र आपल्या चुली, गाड्या आणि वीजकेंद्रे ठरवणार आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)