नमुन्यापासून जनसुनावणीपर्यंत : पर्यावरणशास्त्राच्या पदवीचा आढावा

विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक विज्ञानशाखा आधी उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशी निगडित कायदे, मंडळे व परवाने हा व्याप त्यांच्यामागून आला. पर्यावरणशास्त्राच्या बाबतीत भारतात तरी हा क्रम बऱ्याच अंशी उलटा लागला. स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेनंतर १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा असे तीन कायदे एका तपात झाले, आणि नमुने घेणारी, ते तपासणारी, अहवाल लिहिणारी व ते वाचून निर्णय देणारी माणसे या कायद्यांना लागू लागली, तेव्हा ती घडवण्याचे काम विद्यापीठांकडे आले. महाराष्ट्र या बाबतीत काहीसा पुढे होता, कारण राज्याने १९६९ मध्येच जलप्रदूषणाविषयी स्वतःचा कायदा केला होता आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले होते. नागपूरची ‘नीरी’ तर १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून कामात होती आणि १९७४ मध्ये तिला पर्यावरण अभियांत्रिकीचे व्यापक क्षेत्र मिळाले. त्याच वर्षी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणशास्त्रांचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. परिस्थितिकी, म्हणजे सजीवांचे एकमेकांशी व परिसराशी असलेले संबंध तपासणारे शास्त्र, त्याआधीही शिकवले जात होते. बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्र यांनी त्याची मोठी परंपरा घडवली होती, पण ते वनस्पतिशास्त्राच्या छत्राखाली होते. पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून पर्यावरणशास्त्राला जागा मिळाली ती प्रामुख्याने प्रदूषण हा प्रशासनाचा प्रश्न झाल्यानंतर, आणि या जन्मकथेच्या खुणा अभ्यासक्रमावर आजही स्पष्ट दिसतात.

या पदवीची सर्वसामान्य वाचकाच्या मनात गल्लत होते ती ‘ईव्हीएस’ या नावाने महाविद्यालयात ओळखल्या जाणाऱ्या सक्तीच्या विषयाशी. त्याचा उगम मात्र न्यायालयात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशात पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्यास सांगितले होते (त्याच आदेशात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणविषयक स्लाइड दाखवाव्यात असेही म्हटले होते, आणि त्या काळी सिनेमाला जाणाऱ्या पिढीला त्या आठवत असतील). अंमलबजावणीसाठी न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा लक्ष घालावे लागले, मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे इराच भरुचा हे व्यवसायाने शल्यविशारद आणि पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालक. पुस्तक चांगले होते. मात्र ५० तासांच्या त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला ५ तास ठेवले होते, आणि एखाद्या मोठ्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या शेकडो विद्यार्थ्यांना नदीकाठी नेणे कोणत्याही प्राध्यापकाला शक्य नसल्याने ते तास बहुतेक ठिकाणी कागदावरच पार पडले. इंटरनेटवरून उतरवलेला ‘प्रोजेक्ट’, त्याला रंगीत मुखपृष्ठ आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सबमिशन’ ही या विषयाची सर्वपरिचित रीत झाली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने २०२३ मध्ये याच विषयाला ४ श्रेयांकांची नवी चौकट दिली आहे. श्रेयांक वाढल्याने नदी जवळ येते असे मात्र नाही.

पदवीचा अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा, मुंबईची आयआयटी अशा ठिकाणी तो पदवी, पदव्युत्तर किंवा अभियांत्रिकीच्या अंगाने शिकवला जातो. एम.एस्सी.च्या वर्गात रसायन, वनस्पती, प्राणी, भूगर्भ, सूक्ष्मजीव अशा निरनिराळ्या शाखांतून आलेले विद्यार्थी एकत्र बसतात, त्यामुळे पहिल्या सत्रात प्रत्येकाला काही ना काही नव्याने शिकावे लागते : रसायनवाल्याला गवतांची कुळे ओळखता येत नाहीत आणि वनस्पतिशास्त्रवाल्याची मोलॅरिटीच्या गणितात दमछाक होते. सांख्यिकीशी बहुतेकांचे जमत नाही. परिसंस्थेतील जातींची विविधता मोजायला वापरला जाणारा शॅनन निर्देशांक तर मुळात १९४८ मध्ये संदेशवहनाच्या गणितातून आलेला आहे, आणि तो सूत्र म्हणून पाठ करणारे पुष्कळ असले तरी त्याचे मूल्य २.१ आले म्हणजे त्या रानाविषयी काय कळले हे सांगू शकणारे थोडे असतात. विद्याशाखांच्या या मिश्रणावर सर्वांना थोडे-थोडे येते आणि कोणालाच पुरते येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. परंतु या पदवीचे खरे कौशल्य आकडा वाचण्यात आहे, म्हणजे एखादा आकडा कुठून, केव्हा, कोणत्या रीतीने आला आणि त्यावर किती भार टाकता येईल हे ओळखण्यात आहे, असे मानले तर हा आक्षेप बराच सौम्य होतो.

याचे उत्तम उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये असते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांची १८८८ ची पद्धत आजही प्रयोगशाळेत शिकवली जाते. तीनशे मिलिलिटरची, घट्ट काचेच्या बुचाची बाटली नदीच्या पाण्याने आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचे द्रावण पिपेटने पृष्ठभागाखाली सोडायचे; प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. मग सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, पिवळसर झालेल्या द्रावणात ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंब-थेंब सोडायचे, रंग फिका होत आला की स्टार्चचे काही थेंब टाकायचे आणि निळा रंग नाहीसा होताच थांबायचे. त्याच पाण्याची दुसरी बाटली काही दिवस अंधारात ठराविक तापमानाला ठेवून मग मोजली की सूक्ष्मजीवांनी घाण कुजवताना किती प्राणवायू वापरला ते कळते, आणि त्यालाच जैवरासायनिक प्राणवायू मागणी, अर्थात बीओडी, म्हणतात. जगभर ही मुदत २० अंश सेल्सिअसला ५ दिवस अशी रूढ झाली. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती ठरवताना तिथल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या काळात समुद्राला मिळते असा हिशेब धरला होता, असे सांगितले जाते. भारतीय मानकात उष्ण हवामानाला धरून २७ अंशांना ३ दिवसांची चाचणी आहे.

बीओडीची खरी मेख पुढे आहे. सत्तावीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात प्रत्येक लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, आणि साखरपट्ट्यातील आसवनीच्या सांडपाण्याची, म्हणजे वर्तमानपत्रे ज्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात त्याची, बीओडी प्रक्रियेपूर्वी ४० हजार मिलिग्रॅमच्याही वर असू शकते. असा नमुना पुरेसा विरल न करता बाटलीत भरला तर त्यातला प्राणवायू बघता बघता संपतो, तीन दिवसांनी शून्य दिसते आणि हिशेब करणाऱ्याच्या हाती ८ च्या आसपासचा आकडा येतो. नदी-नाल्यात सोडण्यासाठी ठरवून दिलेली मर्यादा ३० असल्याने हे जहाल पाणी कागदावर निर्मळ ठरते. चूक करणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नसते. नमुना पहाटे घेतला की दुपारी, कारखाना चालू असताना की बंद असताना, एकदाच घेतला की दिवसभरातल्या अनेक नमुन्यांचे मिश्रण केले, तो बर्फात ठेवून आणला की मोटारीच्या डिकीत तापत आला, या प्रत्येक बाबीवर शेवटचा आकडा हलतो, आणि हे सारे ज्याने स्वतःच्या हाताने एकदा केले आहे तोच दुसऱ्याच्या अहवालातील ‘मर्यादेत आहे’ या शेऱ्याकडे सावधपणे पाहतो.

महाराष्ट्रात या शिक्षणाला विद्यापीठाच्या परिसरानेही वळण दिले आहे. कोल्हापुरात पंचगंगा हाताशी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पाण्याने भरून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळेपर्यंत ती शहराचा मैला, साखर कारखाने आणि इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग अशा सर्वांचे ओझे वाहते, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील मूल्यांकनात अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत मोडले होते; कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि ताडोबाचे जंगल एकाच जिल्ह्यात असल्याने धूळ व वाघ हे दोन्ही विषय तिथे एकाच नकाशावर येतात. लोणारचे खारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले.

रानातील अभ्यासाची धारा मात्र प्रदूषणाच्या तुलनेत क्षीण राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने देवाच्या नावाने राखलेल्या राईला वैज्ञानिक मोल मिळाले. त्या अभ्यासाला पायपीट, स्थानिक नावांचे ज्ञान आणि गावकऱ्यांशी बोलण्याची सवय लागत होती, उपकरण फारसे नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला क्वाड्रॅट, म्हणजे दोरीने आखलेला ठराविक मापाचा चौकोन टाकून त्यातील वनस्पती मोजण्याची रीत शिकवली जाते, पण चौकोनातले रोपटे कोणते हे सांगणारा वर्गीकरणतज्ज्ञ विभागात असेलच याची खात्री नसते. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमाकडे नोकरदार, वास्तुविशारद, शेतकरी अशी नाना तऱ्हेची माणसे वळली, त्याचे एक कारण विद्यापीठीय पदवीतील ही उणीव असावी.

पदवीनंतरची वाट बहुतांशी कायद्यानेच आखलेली आहे. उद्योगांना मंडळाचे संमतीपत्र लागते, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ‘फॉर्म पाच’ हे पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते, सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवावे लागते, आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे शाश्वततेचा अहवालही द्यावा लागतो. ही सारी कामे एम.एस्सी. झालेल्या तरुणांच्या वाट्याला येतात. अध्यापनाकडे जाणाऱ्यांसाठी नेट परीक्षा आहे, आणि २०२१ पासून गेटमध्येही पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आला. तथापि सल्लागार संस्थांतील सर्वात वजनदार काम पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखादा प्रकल्प उभा राहण्यापूर्वी त्याचे हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी व लोकजीवनावर काय परिणाम होतील याचा अंदाज बांधण्याचे असते. त्याची पहिली अधिसूचना १९९४ ची, सध्याची १४ सप्टेंबर २००६ ची. सल्लागाराची फी प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो, आणि ज्याच्या पैशाने परीक्षा घ्यायची त्यालाच नापास करण्याची मुभा परीक्षकाला कितपत राहते, हा प्रश्न या क्षेत्रातील प्रत्येक नवख्याला पहिल्या वर्षीच पडतो.

त्याहून कमी चर्चिला जाणारा दोष ऋतूचा आहे. प्रकल्पपूर्व स्थितीची माहिती सामान्यतः पावसाळा वगळून एका हंगामाची गोळा केली तरी चालते. हवेतील धुळीच्या मोजमापाला ते सोयीचे आहे, कारण पावसात धूळ बसते. पण हाच नियम रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाच्या सड्यांना लावला की अनर्थ होतो. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर उभे राहिले तर तापलेला काळसर कातळ आणि वाळलेल्या गवताच्या काड्या यांखेरीज काही दिसत नाही, आणि अहवालात ‘विरळ वनस्पती, पडीक जमीन’ अशी नोंद होते. जूननंतर त्याच कातळावरच्या बोटभर मातीत आणि उथळ डबक्यांत गेंद, सीतेची आसवे, कीटक धरणारे दवबिंदू उगवतात, कोकणाबाहेर क्वचितच आढळणारी दिपकाडी फुलते, बेडूक अंडी घालतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सरता सरता सारे पुन्हा बियांत व कंदांत दडते. एप्रिलमध्ये काढलेला शॅनन निर्देशांक गणिताने बिनचूक असूनही सड्याविषयी काहीच सांगत नाही.

अधिसूचनेनुसार मूल्यांकनाचा मसुदा जनसुनावणीपुढे ठेवावा लागतो. ती राज्य मंडळ घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा ज्येष्ठ प्रतिनिधी असतो, किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. विद्यार्थ्याने बीओडीपासून वायुप्रसरणाच्या संगणकीय प्रतिमानापर्यंत सारे इंग्रजीत शिकलेले असते, त्यामुळे हा मराठी सारांश शब्दकोशातून काढल्यासारखा उतरतो आणि मांडवात बसलेल्या बागायतदाराला किंवा मच्छीमाराला त्यातून आपल्या विहिरीचे, खाडीचे वा कलमांचे काय होणार ते उमगत नाही. तो उठून विचारतो की चिमणीचा धूर कोणत्या महिन्यात वाडीकडे येईल, मोहोराच्या दिवसांत वारा खालचा असतो हे गणितात धरले आहे काय, आणि विहिरीचे पाणी मे महिन्यात तपासले की भाताच्या लावणीनंतर. हे प्रश्न नमुना कुठला, केव्हाचा आणि कसा घेतला हेच विचारणारे असतात, म्हणजे प्रयोगशाळेच्या तोंडी परीक्षेत बाह्यपरीक्षकाने विचारावेत त्याच जातीचे. मंचावर बसलेल्या तरुण सल्लागाराला त्यांची उत्तरे येत असली तरी ती मराठीत, भर सभेत, विरोधात बसलेल्या माणसाला पटतील अशी देण्याचा सराव त्याच्या पदवीच्या अभ्यासक्रमात सहसा झालेला नसतो.