सुकाणू कोणाच्या हाती?

कापूस जिनिंगवर उतरवून रात्री गावाकडे परतणारा खान्देशी गाडीवान गाडीतच घोंगडी पांघरून झोपी जायचा आणि बैल आपसूक घरी यायचे. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. समुद्र आमच्यापासून लांब. आमचं पाणी म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा. पण एकट्यानं समुद्रावर निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न आमच्या गाडीवानाचाच असतो. आपण झोपलो तर हाकायचं कोणी?

वाटेला चाकोरी असते, पाण्याला नसते. सुकाणू सोडलं की होडी वाऱ्याच्या मर्जीनं फिरते. यावर माणसानं दोन उपाय शोधले. पहिला विंडव्हेनचा. होडीच्या मागे एक पातळ फळी वाऱ्यात उभी करतात. होडी भरकटली की वारा फळीला कलवतो, त्याबरोबर पाण्यातलं पातं वळतं, पाण्याचा जोर त्या पात्याला बाजूला रेटतो आणि दोरीनं सुकाणू ओढलं जातं. याला ना तेल लागतं, ना वीज.

दुसरा उपाय विजेच्या ऑटोपायलटचा. अगदी छोट्या होडीवर तो म्हणजे मागेपुढे सरकणारा एक दांडा असतो. त्याचं एक टोक सुकाणूच्या दांड्याला आणि दुसरं होडीच्या बाजूला पक्कं करायचं. बसवायचं ते मात्र जपून. लाटेचा सगळा मार त्या जागेवर येतो, म्हणून खालून जाड फळीचा आधार द्यावा लागतो. वायर बारीक किंवा फार लांब असेल तर मोटारीला पुरेशी वीज पोचत नाही. आतल्या होकायंत्राजवळ रेडिओचा स्पीकर किंवा लोखंडी डबा ठेवला की दिशा चुकते. सगळं जोडून झाल्यावर शांत पाण्यात होडी सावकाश गोल फिरवतात. होडीवरचं लोखंड कुठे किती ओढतं, हे यंत्र तेव्हा शिकून घेतं.

आता गंमत पाहा. या दोघांचे धनी वेगवेगळे. विंडव्हेन वाऱ्याशी इमान राखते; वारा फिरला की होडीही फिरते. ऑटोपायलट होकायंत्राचं ऐकतो. वारा फिरला तरी तो आपल्या दिशेला चिकटून राहतो, मग शिडांचं काय व्हायचं ते होवो. आणि समोरून जहाज येतंय का, हे दोघांनाही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट जाणकार आवर्जून सांगतात. यंत्र बसवण्याआधी होडीचा तोल बसवा. शीड गरजेपेक्षा जास्त ताणलं तर होडी सारखी वाऱ्याकडे वळू पाहते, यंत्र तिला सारखं परत ओढतं आणि त्या झटापटीत उजाडेपर्यंत बॅटरी रिकामी होते.

तोल साधलेला असला की काय होतं, ते मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’नं दाखवलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यावरून निघाले. ऑस्ट्रेलिया येईपर्यंत त्यांचं विंडव्हेन मोडून पडलं. तरी शिडांचा मेळ घालून आणि सुकाणू बांधून ते पुढे जात राहिले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. कुठेही न थांबता एकट्यानं केलेली ती जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होती.

आपल्याकडचे पहिले एकटे प्रदक्षिणाकार म्हणजे नौदलाचे दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. त्याच नौकेवरून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता फेरी पुरी केली.

पुढे टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. १९६८च्या काळातलीच साधनं वापरायची, असा तिचा नियम. त्यामुळे विजेचा ऑटोपायलट बाद, विंडव्हेन चालतं. २०१८च्या सप्टेंबरात हिंदी महासागरातल्या वादळानं त्यांच्या ‘थुरिया’च्या डोलकाठ्या मोडल्या. पाठीला जबर इजा होऊन ते होडीत पडून राहिले. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. हाच माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला निघाला! वाटेत विंडव्हेन मोडलं, तेव्हा त्यांनी होडीतल्या संडासाचं दार कापून त्याच्या फळ्या केल्या आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकानं शर्यत पुरी केली. विंडव्हेन कसं चालतं हे मुळापासून ठाऊक होतं, म्हणून दारातही त्यांना फळी दिसली.

बँकेत उमर गेलेल्या मला ऑटोपायलट म्हटलं की स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आठवते. एकदा सही केली की दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे वळते होतात, मग घरात लग्न असो की दुखणं. सोय मोठीच, पण खातं पाहत नाही. पाहावं लागतं खातेदाराला. समुद्रावरचा एकटा माणूससुद्धा यंत्रावर सुकाणू सोपवून गाढ झोपत नाही. गजर लावून थोडी डुलकी काढतो, उठून चहूकडे नजर फिरवतो, दोऱ्या चाचपतो आणि मगच पुन्हा आडवा होतो. आपणही महिन्याकाठी पासबुक भरून घ्यावं आणि चष्मा लावून एकदा नीट वाचावं.