घाटाआधीची तालीम
२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीला, १३ तास ३० मिनिटं मिळतात. चहा, जेवण, पंक्चर सगळं त्यातच. म्हणून नव्या मुलांना मी आधी वेग शिकवतच नाही. रविवारी पहाटे कात्रजचा घाट, हलका गिअर, बोलता येईल इतकाच दम.

मग ओळीत चालवणं. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, पण रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. पुढच्याने हाताने दाखवायचा आणि ओरडायचंही. यात मी फार कडक आहे. एकदा इशारा द्यायला मीच विसरले आणि मागची मुलगी पडली; तिचं सोललेलं कोपर अजून डोळ्यांसमोर येतं.

भुकेआधी खजूर, चिक्की. नवी सीट, नवे बूट ब्रेव्हेच्या दिवशी नकोतच. आणि ट्यूब प्रत्येकाने स्वतः बदलून दाखवायची, तीही अंधारात, टॉर्चच्या उजेडात.