पानिपतावरचा गाड्यांचा कोट

एप्रिल १५२६ मध्ये बाबराने पानिपतावर जो कोट उभारला तो बैलगाड्यांचा होता. सैन्यातल्या प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे गाड्या आणाव्यात असा हुकूम सुटला आणि सातशे गाड्या जमा झाल्या. तोफखान्याचा प्रमुख उस्ताद अली कुली याने त्या उस्मानी तुर्कांच्या रीतीने एकीला एक जखडल्या. तुर्क यासाठी लोखंडी साखळ्या वापरत. इथे कच्च्या कातड्याच्या दोरांवर भागवले. दर दोन गाड्यांमध्ये पाच-सहा आडोसे उभे केले आणि त्यांच्यामागे तोडेदार बंदुका घेतलेले शिपाई ठेवले. ओझी वाहणाऱ्या गाड्यांना आठवडाभरात चिलखत चढवण्याचा हा खटाटोप बाबराने आत्मचरित्रात बारकाईने लिहून ठेवला आहे. अशा घाईघाईच्या चिलखताचा लढाईत खरोखर किती उपयोग होतो, हा प्रश्न आजही रणगाड्यांच्या संदर्भात विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला पानिपत ही उत्तम जागा आहे, कारण त्याच युक्तीचे यश तिथे आणि अपयश अवघ्या चौदा वर्षांनी कनौजला नोंदले गेले आहे. त्या नोंदी वाचून माझे मत असे झाले आहे की, आडोशाने किती बाण-गोळ्या अडवल्या हे मोजून त्याची किंमत कळत नाही. त्याच्यामागून मारा करण्याची आणि वेळ येताच बाहेर पडण्याची मोकळीक किती राहिली, यावर सगळे अवलंबून असते.

बाबराची रचना या दृष्टीने पाहावी. उजवीकडे पानिपत गाव आणि त्याची घरे, डावीकडे खंदक आणि तोडलेल्या झाडांच्या फांद्यांचे कुंपण, मध्ये गाड्या. या ओळीत बाणाच्या टप्प्याइतक्या अंतराअंतरावर शंभर-दोनशे घोडेस्वार एकदम बाहेर पडू शकतील अशा वाटा त्याने मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. केवळ जीव वाचवायचा असता तर त्या कोणी सोडल्या नसत्या. दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी याची फौज वेगाने चालून आली, समोर गाड्यांची रांग दिसताच अडखळली, आणि मागून येणारे पुढच्यांवर आदळू लागले. पुढे जावे की थांबावे हे त्यांना ठरवता येईना, असे बाबर लिहितो. त्या कोंडीवर समोरून उस्ताद अली कुली आणि मुस्तफा यांच्या तोफा चालल्या आणि दोन्ही बगलांनी वळसा घालून गेलेल्या स्वारांनी पाठीमागून बाणांचा वर्षाव केला. दुपारपर्यंत दिल्लीची सुलतानशाही संपली होती.

यावर पहिला आक्षेप असा की लढाई तोफांनी आणि वळसा घालणाऱ्या स्वारांनी जिंकली, गाड्या नुसत्या उभ्या होत्या. आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. त्या काळची तोडेदार बंदूक भरायला वेळ लागे आणि तेवढा वेळ शिपाई निराधार असे. वेगाने येणाऱ्या घोडदळासमोर उघड्यावर तिचा उपयोग एका बारापुरता. तो वेळ गाड्यांनी मिळवून दिला. दुसरा आक्षेप आकड्यांचा. बाबर हा विजेता. शत्रूचे एक लाख सैन्य आणि हजार हत्ती हा त्याचा अंदाज सावधपणेच घ्यायला हवा. सातशे गाड्यांचेही तसेच. एक गाडी आणि तिच्या शेजारचे आडोसे मिळून पाच मीटर धरले तरी एका ओळीत साडेतीन किलोमीटर लांबी भरते, आणि बाबराच्या हिशेबाने सिंधू उतरताना त्याच्याकडे नोकरचाकर धरून बारा हजार माणसे होती. सगळ्या गाड्या एकाच रांगेत असतील असे मला वाटत नाही. मात्र आकडा फुगला असला तरी दोर, आडोसे आणि मोकळ्या वाटा यांच्या तपशिलात बढाई मारण्यासारखे काही नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १५२७ मध्ये, आज भरतपूर जिल्ह्यात असलेल्या खानव्याला राणा सांगांविरुद्ध ही रचना सुधारून वापरली गेली. गाड्यांना आता लोखंडी साखळ्या होत्या, आणि गाड्या पुरल्या नाहीत तिथे चाकांवरच्या लाकडी तिवया दोरांनी जोडल्या होत्या. तयारीला वीस-पंचवीस दिवस लागले. सर्वांत मोलाची गोष्ट लढाईच्या ऐन भरात घडली : मध्यभागीच्या गाड्या पुढे ढकलण्याचा हुकूम झाला. कोट चालू लागला. बाबराच्या लोकांना गाडीची चाके विसरायची नसतात हे नेमके कळले होते.

त्याच्या मुलाच्या काळात ते विसरले गेले. मे १५४० मध्ये कनौजजवळ हुमायून शेरशहासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे, लढाईत स्वतः भाग घेतलेल्या मिर्झा हैदर दुघलतच्या सांगण्यानुसार, सातशे तोफगाड्या होत्या. प्रत्येकीला बैलांच्या चार जोड्या. शिवाय आठ-आठ जोड्यांनी ओढायच्या एकवीस मोठ्या तोफा वेगळ्या. पानिपतापेक्षा सामग्री कितीतरी भारी. पण ज्या अमीराजवळ शंभर स्वार त्याच्यामागे पाचशे चाकर, असा हा लवाजमा होता. बगलेवर दाब येताच हे बुणगे बिथरले, आत मध्याकडे लोटले आणि साखळ्यांनी जोडलेल्या गाड्यांवर जाऊन आदळले. पुढच्या गर्दीला मागची गर्दी रेटत होती. आपलेच लोक आपल्याच कोटावरून उधळले, रांगा मोडल्या, आणि एकही तोफ डागली गेली नाही. मिर्झा हैदर पराभूत पक्षाचा माणूस. इतकी लाजिरवाणी गोष्ट रचून सांगण्याचे त्याला कारण नव्हते.

कनौजला हार झाली ती पावसाने तळ बुडाल्यामुळे, भावांनी साथ न दिल्यामुळे, सैन्याचे मन खचल्यामुळे. त्यात गाड्यांचा काय दोष, असे कोणी म्हणेल. ही कारणे खरीच आहेत. पण खानव्याच्या आधीही बाबराचे सैन्य धास्तावलेलेच होते. फरक असा की तिथे कोटाने भेदरलेल्या सैन्याला आधार दिला आणि इथे त्याने पळणाऱ्यांची वाट अडवून चेंगराचेंगरी वाढवली. बाहेरच्या जगातही हेच दिसते. बोहेमियात १४२० च्या दशकात यान झिझ्काने शेतकऱ्यांच्या गाड्यांना फळ्या ठोकून सरदारांचे घोडदळ परतवले. १४३४ मध्ये लिपानीला झिझ्काच्याच बंडखोर पंथाचे लोक शत्रूच्या खोट्या माघारीला भुलून गाड्यांबाहेर धावले आणि कापले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रणगाड्यांवर वाळूची पोती रचली जात. जनरल पॅटन यांनी आपल्या सैन्यात ती बंद करवली. चिलखत भेदणाऱ्या पोकळ स्फोटकाचा मारा त्यांनी अडत नव्हता आणि वजनाने यंत्र मात्र झिजत होते. युक्रेनमध्ये रशियन रणगाड्यांवरच्या लोखंडी जाळ्या वरून येणाऱ्या आधुनिक क्षेपणास्त्रांपुढे फारशा टिकल्या नाहीत, पुढे स्वस्त ड्रोनविरुद्ध त्या अधिक कामी आल्या. २०२४ मध्ये तर अख्ख्या रणगाड्यावर पत्र्याची शेड चढवलेली वाहने दिसू लागली. ड्रोनचे काही वार ती सोसतात, पण त्यांना नीट दिसत नाही आणि तोफेचा बुरूज धड फिरत नाही. हुमायूनची चूक पोलादात पुन्हा केली गेली आहे.

मराठी वाचकाचे मन एव्हाना १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईकडे गेले असणार. सदाशिवरावभाऊंचा गोल हाही चालता कोटच होता : इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी, आणि आत बायकापोरे, यात्रेकरू, बाजारबुणगे. आपल्याच घोडदळाने पुढे धाव घेतल्यामुळे तोफांचा मारा थांबला, असे मराठी इतिहासग्रंथांत वारंवार सांगितले जाते. तिथे गाड्यांच्या साखळ्या नव्हत्या आणि उपासमार हे फार मोठे कारण होते, म्हणून कनौजशी थेट बरोबरी मी करणार नाही. पण न लढणाऱ्यांचे इतके ओझे आत घेऊन चालणाऱ्या रचनेला मारा आणि हालचाल दोन्ही साधत नाही, हे मिर्झा हैदरने त्याच्या दोनशे वर्षे आधीच लिहून ठेवले होते. आपल्याकडे पानिपतावर एवढे लिहिले गेले, पण ते बहुतेक १७६१ पासून सुरू होते आणि तिथेच संपते. महाराष्ट्रातून काला अंब या १७६१ च्या स्मारकाला जाणाऱ्यांनी पानिपत शहरातल्या इब्राहिम लोदीच्या कबरीपाशीही थांबावे, आणि आपल्या अभ्यासकांनी १५२६, १५४० आणि १७६१ या तीन लढाया शेजारी मांडून वाचाव्यात.